वळवलेला रस्ता, सुधारणा सातवी

मी रस्ते आखत नाही.
रस्ते आखणारे वेगळे, त्यांच्या केबिनला पडदे असतात.
मी आखतो रस्ता बंद असताना जायचा रस्ता,
आठ-पंधरा दिवसांचा, शंकूंचा, पिवळ्या पट्ट्यांचा.
त्याला कुणी नाव देत नाही.
उखडला की डांबरावर
पुसट ओरखडे तेवढे उरतात.

फहाहीलच्या बाजूला पूल उभा राहतोय.
दर गुरुवारी रात्री त्याचा एक पाय पुढे पडतो
आणि माझा रस्ता सरकतो.
रविवारी सकाळी लोक कामाला निघतात
गेल्या आठवड्याच्या रस्त्यावरून.
डोळ्यांना पाटी दिसते,
पायाला दिसत नाही.

वळणाच्या तोंडाशी एक बाहुला उभा केलाय.
फायबरचा, नारिंगी जाकिटातला,
बॅटरीवर दिवसभर लाल झेंडा हलवणारा.
पोरांनी त्याचं नाव ठेवलंय मुदीर, म्हणजे साहेब.
कारण तो नुसता हात हलवतो
आणि त्याला घाम येत नाही.

त्याच्यापासून चार पावलांवर खिमानंद.
तसंच जाकीट, तसाच झेंडा,
धुळीसाठी तोंडाला गुंडाळलेलं फडकं.
माझ्या नकाशात दोघांना एकच खूण:
छोटं वर्तुळ, त्यात झेंडा.
एकदा काढायचं, पुढे नुसतं चिकटवत जायचं.

शंकूंची तिरकी रांग एकशे साठ मीटर हवी होती.
मी तेवढीच काढली होती.
साइटवरून फोन आला:
क्रेनला जागा नाही, नव्वद कर.
म्हटलं, या वेगाला नव्वद कमी पडेल.
तो म्हणाला, मग वेग कमी करू. पाटी लावू चाळीसची.
पाटी लागली चाळीसची.
मी खोडलं. नव्वद केलं.
कोपऱ्यातल्या चौकटीत ‘आखणी’पुढे
माझी आद्याक्षरं.

त्या दुपारी तौझ उठलं होतं.
आपल्याकडच्या धुळीला वास असतो, हिला नसतो;
ही फक्त अंतरं खाते.
बस दळवीची. खेडचा दळवी,
ज्याच्या घरची सांदणं मी दर ईदला खातो.
मागे दुसऱ्या पाळीची एक्केचाळीस माणसं,
बरीचशी झोपलेली.

चार वाजून दहा मिनिटं.
खिमानंदने झेंडा काखेत धरला,
फडकं खाली ओढलं, बाटली तोंडाला लावली.
एवढंच.
चार घोटांपुरता तो स्थिर उभा होता.

दळवी जबानीत म्हणाला:
दोघं होते. एक हलत होता, एक हलत नव्हता.
हलतोय तो माणूस, असं मी धरलं.
माणूस वाचवायला मी स्टिअरिंग ओढलं, साहेब.

पोलिसाने अरबीत लिहून घेतलं.
दळवीला अरबी वाचता येतं, कळत नाही.
त्याने पूर्ण वाचलं, मग सही केली.

मुदीरला खरचटलंसुद्धा नाही.
अँब्युलन्सलाही तो हात दाखवत होता.

नंतर बैठक झाली. चहा आला, खारे काजू आले.
शंकूंची रांग एकशे साठ करा, असं ठरलं.
क्रेनला जागा झाली.
शोधली की होते.

मी दोघांच्या खुणा वेगळ्या केल्या:
बाहुल्याला पोकळ वर्तुळ, माणसाला भरीव.
कुणी सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलंही नाही.
नकाशा गेला, शिक्का घेऊन परत आला.

गुरुवारी पूल पुन्हा पुढे सरकला.
रविवारी मी गाडी काढली.
डोक्यात काय होतं आठवत नाही,
खिमानंदच्या सामानाची यादी असेल:
दोन शर्ट, चार्जर, मुलीसाठी घेतलेली स्केचपेनं.
आणि मीच आखलेल्या वळणावर
माझा पाय जुन्या रस्त्याने गेला.

एक शंकू आडवा झाला. खाड्कन. बस्स.
आरशात पाहिलं:
धुळीत मागे काहीतरी नारिंगी उभं होतं.
मी पाहत राहिलो.

ते शंकू उचलायला वाकलं.
वाकलं, म्हणजे माणूस.